डाव्या हाताची दोन बोटं

आमच्या रस्त्यावर एके काळी अशी कुजबुज होती, की दातवाल्या डॉक्टरांकडची बाई पुरुषांचे हात धरते. भर दुपारी धरते, ट्यूबलाइटच्या लख्ख उजेडात धरते आणि डॉक्टर शेजारी उभे असताना धरते. एवढ्यावर थांबली तर ती कुजबुज कसली? पुढचा भाग असा, की लाकडाच्या वखारीच्या मामांनी त्या हाताच्या ओढीनं आपल्या तीन धडधाकट दाढा उपटून घेतल्या, आणि आता चौथी कोणती द्यावी याचा विचार चालू आहे.

ही बातमी मी ऐकली नाही, मी सोडली. आता तोंडात स्वतःचा एकही दात उरलेला नाही, तेव्हा कबूल करायला हरकत नाही. माझी बैठक चहाच्या दुकानाबाहेरच्या बाकावर. तिथून समोरच्या इमारतीचा जिना दिसतो. खाली खिळे-बिजागऱ्यांचं दुकान, वर दातांचा दवाखाना. जाणारा माणूस पाय ओढत वर जातो आणि येणारा गाल धरून खाली येतो, असा त्या जिन्याचा शिरस्ता. पण मामा उतरले ते हसत. तोंडाच्या एकाच बाजूनं, गोड, काहीतरी गुपित गिळल्यासारखं. आणि हे एकदा नाही, चार महिन्यांत तीनदा. मी शेजारच्याला एवढंच म्हटलं, "दाढ काढून कुणी असं हसतं का हो?" बाकीचं रस्त्यानं केलं. 'धडधाकट' हा शब्द मात्र माझा.

बाई तेव्हा पंचेचाळिशीच्या असतील. उंच, ताठ पाठीच्या, केस घट्ट बांधलेले, पांढऱ्या एप्रनला इस्त्रीची घडी. चेहरा म्हणजे धुऊन पालथी घातलेली ताटली. त्याच्यावर काही म्हणून सापडायचं नाही. मामांसारखा तीन वखारींचा मालक या ताटलीवर भाळला असेल तर त्या ताटलीत आहे तरी काय, याचं मला भलतंच कुतूहल. ते शमवायचं तर खुर्चीत जाऊन बसायला हवं. सुदैवानं माझ्याकडे दुखऱ्या दातांचा चांगला साठा होता.

दवाखान्यात शिरलं की समोर टेबलाशी डॉक्टरांची बायको. तिला सगळे वहिनी म्हणत. वही, फोन आणि पेशंट, तिन्ही तिच्या ताब्यात. दारात पाऊल टाकणाऱ्याचं तोंड बघून हा टिकणार की 'जरा गाडी लावून येतो' म्हणून पळणार, हे ती सांगायची, आणि चुकायची नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही दात दाखवायला आला नाहीत. पण आता आलाच आहात तर बसा."

आत बाईंनी मला खुर्चीत टेकवलं, गळ्याशी कागदी रुमाल अडकवला आणि विचारलं, "काय वाटतंय?"

"दाढ दुखतेय."

"ते वहिनींनी लिहून दिलंय. तुम्हाला काय वाटतंय?"

"काही नाही."

"काही नाही? ते कुठं वाटतंय तुम्हाला? घशात का पोटात?"

मी हसायला गेलो. पण त्या थट्टा करत नव्हत्या. समोर उभ्या राहून, शांतपणे, खरंच उत्तराची वाट बघत होत्या. मला आयुष्यात असं कुणी विचारलं नव्हतं. मी जरा आत डोकावून पाहिलं आणि म्हटलं, "पोटात."

"मग भीती असेल. घशात असतं तर ती लाज आहे असं मी धरलं असतं. पुष्कळांना दात दाखवायची लाज वाटते. चुकत असेन तर सांगा."

"नाही, भीतीच," मी म्हटलं. आणि काय सांगू, म्हटल्याबरोबर ती थोडी कमी झाली.

मग बाई डाव्या बाजूच्या स्टुलावर बसल्या. उजव्या हातात थुंकी ओढायची नळी, आणि डाव्या हाताची दोन बोटं त्यांनी माझ्या मुठीत सरकवली. "तोंड उघडल्यावर बोलता येणार नाही. एकदा दाबलंत तर भीती. दोनदा दाबलंत तर दुखतंय. दाबून धरूनच ठेवलंत तर डॉक्टर थांबतील, कितीही अर्ध्यात असले तरी."

"अर्ध्यात शक्यतो नको," डॉक्टर चष्म्यावरच्या भिंगातून म्हणाले.

"कितीही अर्ध्यात," बाई म्हणाल्या.

मशीन सुरू झालं, मी एकदा दाबलं. "भीती वाटतेय," बाई मोठ्यानं म्हणाल्या. "नुसता आवाज आहे. दाताला अजून लागलेलंही नाही." थोड्या वेळानं दोनदा दाबलं. डॉक्टरांनी हात उचलला, आणखी भूल दिली. बास, एवढंच. ना नजर, ना इशारा, ना आणखी काही.

खाली उतरल्यावर मी हे सगळं सांगायला हवं होतं. पण बाकावर सहा माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. पहिल्यानं विचारलं, "धरते का?" मी म्हटलं, "धरते." शब्द खोटा नव्हता. पण त्यानंतर मी जो चहा घेतला तो चवीनं घेतला, हेही खरं.

आता बाईंची मागची गोष्ट. ही मला फार उशिरा कळली, थोडी बाईंकडून आणि थोडी त्यांच्या थोरल्या ताईकडून. दोघींचं सांगणं जुळत नव्हतं, म्हणून मी ते खरं मानतो.

बाई नऊ वर्षांच्या होत्या. आई खिडकीपाशी हातात एक पत्र घेऊन बसली होती. बाई जवळ गेल्या आणि म्हणाल्या, "आई, माझ्या फ्रॉकचं बटण लावून दे." आईनं पत्र खाली ठेवलं नाही. बाईंनी फ्रॉक मांडीवर टाकला, वर सुईदोराही आणून दिला. ताई आली, तिनं आईकडे एकदा पाहिलं आणि धाकटीच्या पाठीत धपाटा घातला. "दिसत नाही तुला? आई रडतेय! आपला मामा गेला, आईचा भाऊ!" बाईंनी पुन्हा पाहिलं. डोळे ओले होते, ते दिसत होतं. पण त्यांना वाटलं होतं, काहीतरी गेलं असेल डोळ्यांत.

"दगड आहेस तू," ताई म्हणाली. घरात ते नावच पडलं. दगडाला हाक मारा, दगडाला जेवायला बोलवा.

दगडानं मग एक वही केली. पाठकोऱ्या कागदांची, दोऱ्यानं शिवलेली. एकेका पानावर एकेक चेहरा: भुवया वर असल्या की आश्चर्य, कपाळाला आठ्या असल्या की राग, दात दिसत असले आणि डोळे बारीक असले की हसू. पाठ केली ती वही, पाढे पाठ करावेत तशी. पण माणसांचे चेहरे वहीसारखे स्वस्थ बसतात कुठं? पहिलं पान ओळखेपर्यंत तिसरं आलेलं असायचं.

उपयोगी पडला तो ताईचाच हात. शाळेत जाताना मोठा रस्ता ओलांडायला ताई हात धरायची. तो हात बाईंना तोंडपाठ झाला. ताई रागावलेली असली की कोरडा आणि ताठ. घाबरलेली असली की ओला. आणि परीक्षेच्या निकालाच्या दिवशी गार. चेहऱ्यावर गर्दी, हातात मात्र एका वेळी एकच गोष्ट. "माझं पहिलं पुस्तक म्हणजे ताईचा हात," बाई मला म्हणाल्या होत्या. ताईला हे माहीत नव्हतं. ती आपली त्यांना दगड म्हणत होती आणि दगड तिला वाचत होता.

मोठेपणी बाईंना कापडाच्या दुकानात नोकरी लागली आणि तीन महिन्यांत गेली. गिऱ्हाईक वैतागलंय हे त्यांना कळायचंच नाही. त्या आपल्या एकामागून एक कापड उलगडत राहायच्या, आणि गिऱ्हाईक मालकाकडे जाऊन म्हणायचं, ही बाई उद्धट आहे. त्यातून त्यांनी एक धडा घेतला, की आपल्याला चेहरे कळत नाहीत हे कुणाला कळू द्यायचं नाही. कळलं की नोकरी गेली. मग दातांच्या दवाखान्यात लागल्या. तिथं माणसाचं तोंड चापानं ताणलेलं, गाल सुजलेला, डोळ्यांवर दिव्याचा झोत. तिथं कुणालाच काही वाचता येत नाही! त्यांनी पहिल्याच आठवड्यात दोन बोटांची ही रीत सुरू केली. डॉक्टरांना काम सोपं झालं, पेशंट शांत झाले, आणि बारा वर्षं बाईंचं ते स्टूल पक्कं राहिलं. माझी कुजबुज जिना चढून वर जाईपर्यंत.

ती चढली. टेबलापर्यंत पोचायला तिला चार महिने लागले. वहिनींनी बाईंना शनिवारी संध्याकाळी थांबवून घेतलं.

"सोमवारपासून हात धरणं बंद."

"का?"

"का म्हणजे? लोक काय काय बोलतायत! खाली बाकावर बसणारे ते एक आहेत ना, त्यांच्या तोंडाला तर झाकणच नाही."

(ते एक म्हणजे कोण, हे सांगायला नको.)

"पण मग पेशंटला काय होतंय ते कळणार कसं?" बाईंनी विचारलं.

"अहो, चेहरा असतो की माणसाला! बघायचं. सगळं लिहिलेलं असतं तिथं."

बाई नुसत्या "बरं" म्हणाल्या. दुसरं म्हणणार काय? खरं सांगावं तर स्टूल जातं. न सांगावं तर एक दिवस एखाद्या पेशंटच्या जिवावर बेततं आणि मग स्टूल जातंच.

सोमवारी आणि मंगळवारी त्यांनी धडपड केली. दर दोन मिनिटांनी डॉक्टरांना थांबवायच्या, चाप काढायच्या, पेशंटला चूळ भरायला लावायच्या आणि तोंडी विचारायच्या. दिवसाला चौदा पेशंट व्हायचे ते आठांवर आले. मंगळवारी संध्याकाळी डॉक्टर त्रासून म्हणाले, "बाई, उद्यापासून कृपा करून मध्ये थांबवू नका. मी विचारीन तेव्हा बघून सांगा."

बुधवारी मी माझ्या पहिल्या अर्ध्या कवळीच्या मापासाठी बाहेर बसलो होतो. आत खुर्चीवर कॉलेजात मानसशास्त्र शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या. खालची अक्कलदाढ, आडवी रुतलेली. दार अर्धं उघडं. भूल पुरती चढलेली नव्हती, हे नंतर कळलं. डॉक्टर वाकून काम करत होते, त्यांना दाढेपलीकडे काही दिसत नव्हतं. त्यांनी विचारलं, "बाई, ठीक आहेत ना या?"

बाईंनी बघितलं. दात दिसत होते. डोळे बारीक झालेले. डोळ्यांच्या कडेला पाणी, ते तर पोटभर हसतानाही येतं.

"हसतायत," बाई म्हणाल्या. "चालू ठेवा."

पुढच्याच क्षणी मॅडमच्या पायानं ट्रे उडाला. चिमटे, आरसे, सुया, कापूस, सगळं फरशीवर. आवाज एवढा झाला, की खालचा खिळेवाला वर धावत आला आणि म्हणाला, "माल पडला का?"

डॉक्टर पांढरे पडले. वहिनी धावल्या. बाई स्टुलावरून उठल्या, एप्रन काढला, त्याची व्यवस्थित घडी केली आणि टेबलावर ठेवली. मला ते दारातून दिसलं. चेहऱ्यावर तेव्हाही काही नव्हतं.

मॅडमना पुन्हा भूल दिली, दाढ काढली, टाके घातले. रागानं लाल व्हायला हवं होतं त्यांनी. पण शिकवणाऱ्यांची जात चौकस. अर्धं तोंड बधिर, शब्द एका बाजूनं सांडतायत, आणि ही विचारतेय, "तुम्हाला मी खरंच हसताना दिसले?"

"हो," बाई म्हणाल्या. "मला चेहरे कळत नाहीत. माणूस कोण आहे ते कळतं. त्याला काय होतंय ते कळत नाही. तुमचे दात दिसत होते, डोळे बारीक होते. माझ्या वहीत ते हसणं आहे."

"वही?"

"लहानपणी केली होती."

वहिनींनी कमरेवर हात ठेवले. "म्हणजे? बारा वर्षं तुम्ही पेशंटशेजारी बसताय आणि तुम्हाला चेहरा कळत नाही?"

"बारा वर्षं हात होते, वहिनी," बाई म्हणाल्या.

मॅडम गालावर बर्फाची पिशवी दाबून उठल्या आणि वहिनींना म्हणाल्या, "उद्या टाके दाखवायला येते मी. तोवर यांना कामावरून काढू नका. मला यांच्याशी बोलायचंय."

"काढायचं का ठेवायचं ते उद्याच बघू," वहिनी म्हणाल्या. बाईंचा एप्रन रात्रभर टेबलावर तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी मला कवळीचं काही काम नव्हतं. तरी गेलो. मामाही तिथंच होते, काढलेल्या दाढांच्या जागी नव्या बसवायचं विचारायला. मॅडमनी फोन काढला. त्यात वीस फोटो, वीस चेहरे. त्या वर्गात मुलांना दाखवतात. कोणाला काय वाटतंय ते ओळखायचं.

डॉक्टरांना नऊ आले. "मी दात बघत होतो," ते ओशाळून म्हणाले. "अकरा नंबरच्या बाईंचा सुळा बघा, लवकर दाखवला पाहिजे." मला बारा आले. वहिनींना सतरा. मामांना एकोणीस! बाईंना चार, आणि त्यातले दोन अंदाजानं.

"एकोणीस कसे हो, मामा?" मी विचारलं.

"धंदा आहे," मामा मिशीवरून हात फिरवत म्हणाले. "गिऱ्हाईक दारातून आत आलं की मला कळतं, घाई आहे का हौस आहे. घाई असली की भाव वेगळा. हा अकरा नंबर बघा. ही बाई आतल्या आत रडतेय. हिला आत्ता काहीही विकता येईल."

बाईंनी अकरा नंबरला 'कंटाळा' म्हटलं होतं. त्या फोनवर वाकल्या. "ही रडतेय?"

"रडणं दाबून धरलंय तिनं," मॅडम म्हणाल्या.

"मग फोटो काढणाऱ्यानं कॅमेरा खाली ठेवला का?"

मॅडमनी फोन स्वतःकडे वळवून फोटो पुन्हा पाहिला आणि म्हणाल्या, "सात वर्षं हा फोटो दाखवतेय. हा प्रश्न कुणी विचारला नाही. मलाही सुचला नाही."

मग त्यांनी आम्हाला समजावलं, वर्गात समजावतात तसं नाही, घरगुती. म्हणाल्या, लोकांना वाटतं सहानुभूती म्हणजे एकच वस्तू आहे, कुणाकडे ती असते आणि कुणाकडे नसते. तसं नाही. दुसऱ्याला काय होतंय हे ओळखणं ही एक गोष्ट. ओळखल्यावर आपल्याला आत काही होणं ही वेगळी. आणि त्यासाठी जागचं हलणं ही आणखी वेगळी. एकातून दुसरी येतेच असं नाही. एखाद्याला अक्षर सुरेख वाचता येतं, पण पत्र वाचून त्याला काही वाटत नाही. एखाद्याला अक्षरच लागत नाही, म्हणून तो बिचारा दारोदार विचारत फिरतो, यात काय लिहिलंय हो?

"म्हणजे मी पहिल्यातला," मामा म्हणाले. त्यांना ते कौतुक वाटलं का टोमणा, हे माझ्यासारख्या बारा मार्कांच्या माणसाला कळेना.

"आणि आणखी एक," मॅडम म्हणाल्या. "ज्यांना वाटतं आपल्याला चेहरे हमखास कळतात, ते विचारायचं सोडून देतात. वहिनी, बाईंच्या चेहऱ्यावर आत्ता काय दिसतंय तुम्हाला?"

वहिनींनी बघितलं. "नेहमीचंच. कुणाचं काही पडलेलं नाही असं. खरं सांगू? पहिल्या दिवसापासून मला वाटतंय, ही बाई मला मोजत नाही."

"हात धरून बघा."

"मी?"

"बघा तर."

वहिनींनी जरा नाक मुरडत बाईंचा हात धरला. आणि मग दुसऱ्या हातानंही धरला. "अगं बाई! बर्फ झालाय हात. घाबरलाय?"

"कालपासून," बाई म्हणाल्या.

"मग बोलायचं नाही का?"

"तुम्ही विचारलं नाहीत. मला वाटलं, तुम्हाला दिसतंय."

बारा वर्षं एका छपराखाली काढलेल्या दोन बायका. एकीला सगळ्यांचे चेहरे वाचता यायचे आणि तिनं दुसरीचा रोज चुकीचा वाचला. दुसरीला एकही वाचता येत नव्हता, आणि तिला वाटत होतं आपलं दुःख सगळ्यांना दिसतंय, दिसूनही कुणी विचारत नाही. मी पहिल्यांदाच त्या खोलीत काही बोललो नाही. घरी जाऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "तुम्ही गप्प बसलात? हेच खोटं वाटतं."

वहिनींनी एप्रन उचलला, झटकला आणि बाईंच्या हातात दिला. स्टूल राहिलं. पण वहिनी म्हणजे वहिनी, कारभार अर्धवट ठेवणार नाहीत. शुक्रवारी बाहेरच्या खोलीत पाटी लागली. ठळक अक्षरांत: 'उपचाराच्या वेळी प्रत्येक पेशंटचा हात धरला जाईल. एकदा दाबल्यास भीती. दोनदा दाबल्यास दुखते आहे. दाबून ठेवल्यास डॉक्टर थांबतील.' आणि खाली, डॉक्टरांच्या आग्रहावरून बारीक अक्षरांत: 'शक्यतो अर्ध्यात थांबवू नये.'

पाटीनं माझा घात केला. जी गोष्ट भिंतीवर छापून लावली, तिच्यात कुजबुजण्यासारखं काय उरतं? बाकावर आठ दिवस सुतक होतं. मामांना तर कुणी विचारेना, चौथी कधी म्हणून.

पुढच्या वर्षी एके दुपारी ताई आली. पन्नाशीची, ठसठशीत, जिना चढता चढता डॉक्टरांच्या जिन्याला नावं ठेवणारी. दाढेत गळू झालं होतं. धाकटीच्या दवाखान्यात आजवर कधी आली नव्हती. आपण बाईंची थोरली बहीण असं वहिनींना सांगून ती बाहेर बसली आणि तिनं पाटी वाचली. एकदा वाचली, मग पुन्हा वाचली. मी कवळी घासून घ्यायला आलो होतो. माझ्याकडे वळून म्हणाली, "ही रीत कुणाची?"

"बाईंची," मी म्हटलं. आणि मला राहवलं नाही. "शिकल्या मात्र तुमच्याकडून. शाळेच्या रस्त्यावर."

ती उठून आत गेली.

पुढचं मला बाईंनी सांगितलं. बोटं ताईच्या मुठीत गेली तेव्हा तिचा हात आधी ओला होता. एकदा दाबला, भीती. दोनदा दाबला, डॉक्टर थांबले, आणखी भूल दिली. मग काम सुरळीत चालू झालं. दुखत नव्हतं, भीतीही नव्हती. आणि तेव्हा ताईनं तीनदा दाबलं. थोड्या वेळानं पुन्हा तीनदा.

काम संपलं. चाप निघाला. ताईनं चूळ भरली.

"तीनदा म्हणजे काय, ताई?" बाईंनी विचारलं. "पाटीवर तीनदा नाही."

ताईनं तोंड पुसलं. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. "काही नाही."

"कुठं वाटतंय काही नाही? घशात का पोटात?"

"घशात," ताई म्हणाली.

दोघी बाहेर आल्या तेव्हा ताईनं बाईंचा हात धरलेला होता. खाली मोठा रस्ता आहे, वाहनं फार. दोघींनी तो तसाच ओलांडला. कुणी कुणाला धरलं होतं ते बाकावरून नीट दिसलं नाही, आणि या खेपेला मी अंदाज केला नाही. त्या दिवसापासून ताई त्यांना नुसतं 'अगं' म्हणते. दगड हा शब्द त्या घरातून गेला.

तर आता त्या कुजबुजीतलं खरं. बाईंना चेहऱ्यावरून माणसाच्या मनातलं कळत नव्हतं, म्हणून त्या हात धरत. पुरुषांचे धरत, बायकांचे धरत, मुलांचेही धरत. मामांच्या तिन्ही दाढा किडलेल्या होत्या. आणि मामा जिन्यातून हसत उतरत नव्हते. त्यांचं अर्धं तोंड बधिर होतं.